वंशावळीतला ‘निर्वंश’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आमच्या घरी वंशावळीचा कागद वर्षातून एकदाच बाहेर निघायचा, गौरी-गणपतीत. मुंबईचे, पुण्याचे भाऊबंद महाडच्या घरी जमले, रात्रीची आरती झाली की कोणीतरी म्हणायचे, ‘अहो, तो कागद काढा जरा.’ मग ट्रंक उघडायची आणि आजोबांनी १९५४ साली फुलस्केप कागदावर बाळबोध अक्षरात उतरवलेली वंशावळ बाहेर यायची. सर्वांत वर मूळ पुरुष. त्याच्या नावापुढे लिहिलेले, ‘शाहू महाराजांचे इनाम, इसवी सन १७०८’. खाली फांद्या फुटत फुटत आम्ही. आम्ही मुलगे पोटावर पडून आपापले नाव शोधायचो. मुली शोधायच्या नाहीत. आपले नाव तिथे नसणार, हे त्यांना ठाऊकच असे.

या कागदात चूक असेल असे कधी कोणाच्या मनात आले नाही. आजोबांचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि सुंदर अक्षरात लिहिलेले खरेच असते असा आपला एक समज असतो. त्या कागदात एक नव्हे, तीन मोठ्या चुका होत्या. त्या कशा सापडल्या आणि त्या दुरुस्त करताना काय झाले, ते आज तुम्हाला सांगणार आहे. नावे मात्र सांगणार नाही. रेडिओ महाडातही लागतो आणि पोलादपुरातही, आणि या गोष्टीतली माणसे दोन्हीकडे आहेत.

सुरुवात पुरापासून झाली. महाडला पुराचे पाणी नवे नाही. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या की बाजारपेठेत पाणी येते, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. २००५ चा जुलैही पाहिला. पण २२ जुलै २०२१ चे पाणी वेगळेच होते. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यापुढे आमचे नुकसान ते काय? तळमजला बुडाला, आणि त्यात ती ट्रंक. पाणी ओसरल्यावर माळ्यावर दोऱ्या बांधून कागद वाळत घातले. आजोबांच्या फाउंटन पेनची निळी शाई पसरून सगळ्या फांद्या एक झाल्या होत्या. मात्र ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक कागद जवळजवळ कोरडा निघाला. तो मोडीत होता. आजोबांनी आपली वंशावळ ज्यावरून उतरवली तोच हा मूळ कागद.

मला मोडी येत नव्हती. निवृत्त झालो होतो, वेळ होता, म्हणून मोडीच्या वर्गात नाव घातले. चार महिन्यांत अक्षरे लागायला लागली. मोडीची एक गंमत आहे. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नाही, विरामचिन्हे नाहीत. कुठे शब्द तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. म्हणजे चुकायला भरपूर वाव.

पहिली चूक सापडली ती नावांची. जुन्या कागदात ‘बिन’ हा शब्द वारंवार येतो. बिन म्हणजे मुलगा. अमुक बिन तमुक, अमुक हा तमुकाचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ येते, म्हणजे अमक्याची बायको. आमच्या मोडी कागदात मूळ पुरुषाखाली त्याचा मुलगा होता, आणि त्याखाली पुन्हा तीच दोन नावे त्याच क्रमाने होती. आजोबांनी विचार केला असणार की नक्कल करणाऱ्याने एक ओळ दोनदा लिहिली. असे होतेही. म्हणून त्यांनी एक जोडी गाळली.

पण आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धनचे घराणे घ्या. बाळाजी विश्वनाथ हे या घराण्यातले पहिले पेशवे, आणि त्यांचा नातू बाळाजी बाजीराव. बापाचे नाव सोडून नुसते ‘बाळाजीपंत पेशवे’ म्हटले तर आजोबा आणि नातू एक होऊन जातील. शाहू महाराजांचा जन्म रायगडाजवळच्या गांगवलीचा, आणि त्यांचे पाळण्यातले नाव आजोबांचेच, शिवाजी. राजघराण्यांची कागदपत्रे रगड असल्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. आमच्यासारख्या कुळवाड्यांच्या घरात दोन माणसांचा एक माणूस सहज होतो.

कधी नाव हे नाव नसतेच, किताब असतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला जावळीचा मुलूख. तिथल्या मोऱ्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब पिढ्यानपिढ्या चालत आला. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती एका चंद्ररावाकडून, पण त्याच्या आधीही चंद्रराव होतेच. किताबाला नाव समजून वंशावळ मांडली, तर अनेक पुरुषांचा मिळून एकच पुरुष होईल.

आता आमची गाळलेली जोडी खरी की नकलाकाराची डुलकी, हे ठरवायचे कसे? त्याच कागदाकडे पुन्हा पाहून उपयोग नव्हता. दुसरा, या कागदाशी संबंध नसलेला पुरावा हवा होता. तो नाशिकला मिळाला. तीर्थोपाध्यायांच्या वह्या तुम्हाला माहीत असतील. यात्रेला गेलेला माणूस आपल्या गावच्या उपाध्यायांकडे उतरतो आणि वहीत आपले, बापाचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून सही करतो. या वह्यांचे मोल परक्यांनाही कळलेले आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका वंशशास्त्र संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारच्या अशा वह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण केले. आमच्या नाशिकच्या वहीत शके १७७० ची नोंद निघाली, म्हणजे इसवी सन १८४८. शकात ७८ मिळवले की सन येतो. नोंद करणाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले होते, बापाचे लिहिले होते, आणि आजोबांचे लिहिले होते. ते आजोबांचे नाव त्याचे स्वतःचेच होते. सोबत त्याचा मुलगा, आणि त्या मुलाला पणजोबाचे नव्हे, आजोबाचे नाव. चारही माणसे एका ओळीत उभी. आजोबांनी गाळलेले दोघे १७४ वर्षांनी घरी परत आले.

दुसरी चूक सनाची, आणि तीत थोडा अभिमानही मिसळलेला होता. मराठेशाहीतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, आणि तो अरबी अंकशब्दांत लिहितात. इहिदे म्हणजे एक, इसन्ने म्हणजे दोन, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. आमच्या कागदात होते ‘समानीन मया व अलफ’. समानीन म्हणजे ऐंशी. एकूण ११८०, म्हणजे इसवी सन १७७९-८०. पण कागदाची घडी नेमकी या शब्दावर आलेली, शेवटची अक्षरे झिजलेली. आजोबांनी वाचले ‘समान’. समान म्हणजे आठ. झाले ११०८, म्हणजे १७०७-०८. औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले, साताऱ्यास राज्याभिषेक झाला, ते साल. इतके नामी साल हाती आल्यावर कोण दुसऱ्यांदा वाचून पाहील?

बरे, कागदात ‘इनाम’ही नव्हते. होता तो ‘कौल’. पडीक जमीन लागवडीस आणावी, पहिली काही वर्षे सारा कमी, मग दरसाल चढत जाईल, असा करार. याला इस्तावा म्हणत. म्हणजे आमचा मूळ पुरुष इनामदार नव्हता. पोलादपूरच्या डोंगरउतारावर दगड वेचून नाचणी-वरीचे वरकस तयार करणारा शेतकरी होता. मला यात कमीपणा वाटला नाही. माझ्या चुलत्यांना वाटला. ते म्हणाले, ‘सत्तर वर्षे इनामदार म्हणवून घेतले, आता काय सांगायचे?’

या दोन चुका एकत्र ठेवल्या तर एक मजेशीर चित्र दिसते. आजोबांच्या कागदाप्रमाणे १७०८ चा मूळ पुरुष आणि १८५० च्या सुमारास जन्मलेले माझे खापरपणजोबा यांच्यामध्ये एकच माणूस होता. एकट्याने जवळजवळ दीडशे वर्षे ओढलेली, आणि दरवर्षी गणपतीत तो कागद वाचूनही आमच्यापैकी कोणाला ते खटकले नाही! साल १७८० केले, दोन पुरुष परत आणले, की पिढीला सव्वीस-सत्तावीस वर्षे पडतात. संसार असाच चालतो. वंशावळ तपासणाऱ्याने सगळ्यात आधी ही वजाबाकी करावी.

चुकांची लाज वाटायचे कारण नाही. खुद्द शिवाजी महाराजांची जन्मतिथी कितीतरी वर्षे १६२७ ची मानली जात होती. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली होती. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे दुसरीकडून पुरावे जुळले आणि तीच तिथी मान्य झाली. एका घराण्याच्या वहीने इतिहास दुरुस्त केला.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो सांगतो, तिकडे वंशावळीचे वेड आपल्यापेक्षा मोठे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी ठेवायचा कायदा होता, त्यामुळे सामान्य माणसालाही आठ-दहा पिढ्या मागे जाता येते. आणि म्हणूनच खोटेपणाही फार. गुस्ताव्ह आंजू नावाचा एक गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंतांना हवी तशी वंशावळ बनवून द्यायचा, भरमसाट पैसे घेऊन. पुढे डोनाल्ड जेकबस या अभ्यासकाने असल्या वंशावळी जुन्या गावदप्तरांशी ताडून पाहण्याची शिस्त घातली. बाप आणि मुलगा यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेला स्वतंत्र पुरावा हवा, ही त्या शिस्तीची मुख्य अट. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडच्या खानेसुमारीत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बायको, मुले, मुली यांचे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहू लागले, गुलामांचे तेव्हाही नाही. हे ऐकताना मला आमच्या सातबाऱ्याची आठवण झाली. जगात कुठेही दप्तर कर देणाऱ्याला ओळखते. घरातल्या बाकीच्यांना ओळखत नाही.

आता तिसरी चूक. या भाषणाला मी उभा राहिलो तो खरे तर हिच्यासाठी.

माझ्या पणजोबांना एक धाकटे भाऊ होते. आजोबांच्या कागदात त्यांच्या नावाखाली दोनच शब्द होते : ‘परागंदा. निर्वंश.’ घरात सांगत, ते भांडून घर सोडून गेले, गोसाव्यांत मिळाले. मोडी कागद त्यांच्या आधीच संपत होता, त्यामुळे तिथे काही मिळण्यासारखे नव्हते. मी तो विषय सोडून दिला होता.

पण वंशावळीला प्रत्येक रेघेचा पुरावा द्यायचा, तर जमिनीचे फेरफार काढावे लागतात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तेव्हापासूनच्या फेरफारांत घराण्यातले मृत्यू आणि वारस सापडतात. मी नकला काढल्या. १९२२ चा एक फेरफार निघाला. त्यात या धाकट्या भावाचे नाव, पुढे लिहिलेले, ‘लढाईत मयत. वारस थोरला भाऊ.’ मी तो कागद तीनदा वाचला. गोसावी नव्हे. लढाईत मयत.

महाड-पोलादपूरकडची माणसे पलटणीत जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तालुक्यातले फौजी आंबवडे तर नावानेच फौजी आहे. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव पोलादपुरातले. डोंगरातल्या वरकसावर घर चालत नाही, मग एक भाऊ शेतावर, एक मुंबईत, एक पलटणीत, ही वाटणी पिढ्यानपिढ्यांची. पण आमच्या घरात कोणी पहिल्या महायुद्धात गेले होते, हे मी कधीच ऐकले नव्हते.

माझी पुतणी पुण्यात संगणकाचे काम करते. तिने सांगितले, काका, युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, १९१७ साली स्थापन झालेली. त्यांच्या नोंदी आता घरबसल्या बघता येतात. तिने शोधाच्या चौकटीत आडनाव टाकले नाही, कारण त्या काळी शिपायाचे बहुधा एकच नाव लिहीत. तिने टाकले ‘महाड, कुलाबा’. पोलादपूर तेव्हा महाडमध्येच मोडत असे, आणि जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले ते १९८१ साली. समोर नावांची ओळच्या ओळ उभी राहिली. आपल्या या दोन तालुक्यांतली, आपल्या ओळखीच्या गावांची माणसे, आणि मरणाची जागा मेसोपोटेमिया. म्हणजे आजचा इराक.

त्यात आमच्या गावचा एक होता. नाव तेच. बापाचे नाव माझ्या खापरपणजोबांचे. मराठा पलटण. मृत्यू १९१६. आणि शेवटी लिहिलेले, अमुक बाईचा नवरा.

बायको! परागंदा माणसाला बायको होती. तिचे नाव इंग्रजीतल्या त्या एका ओळीत शंभर वर्षे लिहिलेले होते, आणि आमच्या घरातल्या एकाही कागदावर नव्हते.

मेसोपोटेमियात ज्यांना थडगे मिळाले नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. पण त्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा कोरला. त्यांची नावे राहिली ती नोंदवहीत. हा भेदभाव होता हे त्या कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध करून कबूल केले आणि माफी मागितली. ते वाचून मला राग आला. मग वाटले, आपण कशाला रागवायचे? त्यांनी निदान वहीत नाव ठेवले होते. आपण घरच्यांनी काय ठेवले?

अर्थात एका नोंदीवर विसंबून चालणार नव्हते. एकाच गावात एका नावाचे दोघे असू शकतात. मी घरातल्या सर्वांत थोर बाईंना, माझ्या नव्वदीतल्या काकूंना विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या सासूबाई सांगायच्या, एक धाकटी जाऊ होती म्हणून. पदरात एक मुलगी होती. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन माहेरी गेली, पोलादपूरच्या अंगाला.’ त्यांनी गावाचे नाव सांगितले.

त्या गावाला मी गेलो. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका घरी ओटीवर चौऱ्यांशीच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या आईच्या आईचे नाव विचारले. त्यांनी तेच नाव सांगितले, जे बसऱ्याच्या वहीत होते. त्यांची आई म्हणजे माझ्या आजोबांची चुलत बहीण. म्हणजे नात्याने या माझ्या आत्याच लागल्या.

मी म्हटले, ‘आत्या, तुमचे आजोबा लढाईत गेले, हे तुम्हाला ठाऊक होते?’

‘ठाऊक न्हाय कसं? देवी हाय ना आमच्या घरात,’ त्या म्हणाल्या, आणि नातवाला हाक मारली. त्याने देव्हाऱ्यातून तळहाताएवढी, हळद-कुंकवाने माखलेली एक धातूची चकती आणली. तिच्यावर उभी एक बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला इंग्रज सरकारने काशाची अशी चकती पाठवली होती. तेरा लाखांहून अधिक चकत्या निघाल्या. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, इंग्रजांचे राष्ट्रचिन्ह. या घराने तिला भवानी समजून शंभर वर्षे पुजली होती. मी परवानगी घेऊन ओल्या फडक्याने एक कड पुसली. कुंकवाखालून इंग्रजी अक्षरे वर आली. नाव तेच होते. चकतीवर हुद्दा लिहीत नसत, नुसते नाव.

मग मला रेघ जोडता आली. फेरफार, कमिशनची नोंद, काकूंची आठवण, आणि ही चकती. चार जागचे चार पुरावे, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगणारे.

श्रोतेहो, आता यातला अवघड भाग. पहिल्या दोन चुका आजोबांच्या हातून न कळत झाल्या. तिसरीचे तसे म्हणता येत नाही. १९१६ साली आजोबा अकरा वर्षांचे होते. घरातला काका पलटणीत जातो, मेल्याची बातमी येते, काकू आणि दोन वर्षांची चुलत बहीण घरातून निघून जातात, हे अकरा वर्षांच्या मुलाला दिसत नाही का? १९५४ साली त्यांनी ‘परागंदा’ लिहिले तेव्हा त्यांच्या मनात काय होते, त्यांना वडिलांनी काय सांगितले होते, हे विचारायला आता कोणी नाही. मी त्यांच्या मांडीवर वाढलो. त्यांना खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तो कागद खरा होता असे म्हणायलाही रेटत नाही.

‘निर्वंश’ या शब्दाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलू शकतो. त्या माणसाला मुलगी होती. तिला चार मुले झाली. आज त्या घरात बावीस माणसे आहेत. मुलगी मोजायची नाही असे ठरवले, तरच त्या घराला निर्वंश म्हणता येते.

एका वकील मित्राला मी जमिनीबद्दल विचारले. तो म्हणाला, १९१६ सालच्या कायद्याने एकत्र कुटुंबाच्या जमिनीत विधवेला वाटा नव्हता, पोटगी होती. १९३७ च्या कायद्याने विधवेला थोडा हक्क आला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आला, देशभर २००५ च्या दुरुस्तीने. म्हणजे फेरफार त्या वेळच्या कायद्यात बसत होता. बसो. पण वंशावळीत ‘निर्वंश’ लिहा, असे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते.

मी नवी वंशावळ मांडली तेव्हा चुलते संतापले. ‘उद्या ते वाटा मागायला दारात उभे राहतील. मेलेली मढी कशाला उकरतोस?’ मी म्हटले, ‘काका, उकरायला मढे आहेच कुठे? ते बसऱ्याला राहिले.’ ते उठून आत गेले. दोन महिने आमच्यात बोलणे नव्हते. पुढच्या गणपतीत त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि त्या काकूंच्या नावाखालची तारीख माझी चुकली होती ती दाखवून दिली. एवढेच. जमिनीचा प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नाही, आणि तो सुटला असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आत्यांनी जमिनीचे नाव काढले नाही. नोंदीचा छापील कागद मी त्यांना नेऊन दिला, तेव्हा त्यांनी एकच विचारले, ‘नातू भरतीला चाललाय. ह्यो कागद तिथं दाखवला तर चालंल का?’ नाही चालत, असे सांगताना मला फार जड गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून गावोगावी लोक जुनी दप्तरे काढू लागले. मोडी वाचणाऱ्याला एकदम मागणी आली. नोंद सापडली तरी ती आपल्या माणसाची हे दाखवायला वंशावळ लागते, आणि गरजेपोटी घाईने केलेल्या वंशावळीत चुका शिरतात. म्हणून माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, सुरुवात स्वतःपासून करा आणि मागे जा. मूळ पुरुषापासून सुरू केले की आपण हवा तो मूळ पुरुष निवडतो. दुसरी, दोन वेगळ्या जागचे पुरावे जुळल्याशिवाय रेघ पक्की करू नका. तहसिलात गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सहा-क म्हणजे वारस नोंदवही, जुन्या दप्तरातला नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. शाळेत प्रवेशाचे जनरल रजिस्टर. आणि तीर्थोपाध्यायांची वही. आपल्यासारख्यांचा इतिहास तिथे आहे. तिसरी, जुना कागद चुकीचा ठरला तरी खोडू नका, फेकू नका. त्याच्याशेजारी दुरुस्ती लिहा, तारीख घाला, पुरावा कोणता तेही लिहा. तुमचीही चूक उद्या कोणाला तरी सापडणार आहे. आणि चौथी, मुलींची नावे लिहा. सुनांची माहेरे लिहा. आमचा सगळा शोध लागला तो एका सुनेच्या माहेरच्या गावामुळे, आणि ते गाव एका बाईनेच लक्षात ठेवले होते.

आमच्या घरी आता दोन कागद आहेत. आजोबांचा, निळी शाई पसरलेला, तसाच वाळवून ठेवलेला. आणि नवा. गेल्या गणपतीत नवा कागद ओटीवर अंथरला, तेव्हा पोलादपूरहून आत्यांची नात आली होती, आपल्या लहान मुलीला घेऊन. ती मुलगी इतर पोरांबरोबर पोटावर पडून आपले नाव शोधत होती. तिचे नाव मी लिहायचे विसरलो होतो. पेन आणून तिथेच लिहिले.

नमस्कार.